आत ओढून म्हणायचा शब्द

सेंट जॉन्स
७ नोव्हेंबर १९६१

प्रिय गार्लंडकाका,

तुमच्या नव्या कवळीची खबर इथपर्यंत पोचली आहे. तुम्ही ती फक्त चर्चमध्ये आणि फोटोपुरती घालता, असं लेस्टरने लिहिलंय. माझा हा चुलत भाऊ बोटीचा कप्तान झाला, पण चहाड्या करायची सवय काही गेली नाही.

काम काढून पत्र लिहितेय हे तुम्ही ओळखलं असेलच. रेडिओवर मला पाच मिनिटं मिळाली आहेत, दर गुरुवारी संध्याकाळी, हवामानाच्या बातम्यांच्या अगदी आधी. किनाऱ्यावरचे जुने शब्द सांगायचे, अर्थ सांगायचा, एखादं वाक्य करून दाखवायचं. बर्फाचे शब्द झाले, जाळ्यांचे झाले. आमचे साहेब, मिस्टर कोल्टन, म्हणतात की आता माणसांचे शब्द आण.

मला एकदम 'खिजवणं' आठवलं. खिजवणा, खिजवणी, खिजवणं. दहा वर्षांची होईपर्यंत मी तिकडे होते तेव्हा बर्थाआत्याच्या तोंडून ऐकलेला. इकडे शहरात कुणालाच माहीत नाही. माझ्या अंदाजाने अर्थ असा: चीड आणणारं, डोक्यात जाणारं. उदाहरणार्थ, 'शेजारणीचा कुत्रा मोठा खिजवणा आहे.' बरोबर का? अख्ख्या किनाऱ्यावर तुमच्याइतके तिखट कान कुणाचे नाहीत. साखर तोलताना गिऱ्हाईक जे बोलत नाही तेही तुम्हाला ऐकू येतं. तेव्हा नीट तपासून कळवा, आणि आत्यालाही विचारा.

तुमची
मेलिटा

*

सॉल्ट टिकल
१९ नोव्हेंबर १९६१

चि. मेलिटा,

कवळी घातली की माझं बोलणं मलाच पाद्र्यासारखं ऐकू येतं, म्हणून मी ती खिशात ठेवतो. तिथे ती कुणाच्या वाटेला जात नाही.

आता तुझा शब्द. शेजारणीचा कुत्रा खिजवणा नसतो, पोरी. कुत्रा, सासू, सरकार, गळकं छप्पर यांच्यासाठी आपल्याकडे भरपूर शब्द आहेत, आणि त्यातले निम्मे तुझ्या रेडिओवर चालायचे नाहीत. माणसाला ज्याचा राग येतो त्याला कुणी खिजवणं म्हणत नाही. 'त्याला' ज्याचा राग येतो, ते खिजवणं.

मासे ठेवायच्या खणाचं झाकण डेकवर पालथं टाकलं, तर ते झाकण खिजवणं. कापलेला पाव टेबलावर पालथा राहिला, तर तो पाव खिजवणा. धक्क्यावर पाण्याकडे टोक करून एकटाच ठेवलेला बूट. सूर्याच्या उलट वळवलेली होडी. पाण्यावर असताना घातलेली शीळ. बघणारी बाई तो शब्द म्हणते आणि करणारा गुपचूप ते सरळ करतो. वाद नाही, हसणं नाही. मी माझ्याच दुकानात एवढा गप्प कधी बसत नाही.

'तो' कोण, हे तू विचारणारच. मी आठ वर्षांचा असताना विचारलं होतं. वडील म्हणाले, "तुझं काय अडलंय का त्याच्यावाचून?" खरंच काही अडलं नव्हतं. पुढेही अडलं नाही.

पण अर्थापेक्षा महत्त्वाचं दुसरंच आहे. तो शब्द श्वास सोडत म्हणत नाहीत. श्वास आत घेत म्हणतात. आपल्या बायका 'हो' म्हणताना हवा आत ओढतात ना, तसा. मागे एक नवे पाद्रीबुवा आले होते. त्यांनी शब्द कुठून तरी उचलला आणि प्रवचनात गळक्या छपराला खणखणीत आवाजात खिजवणं म्हणाले. पुढच्या बाकावरच्या सगळ्या बायकांनी एकदम शाली तोंडावर घेतल्या. बुवांना वाटलं, चर्चला वास येतोय. त्यांनी खिडक्या उघडल्या.

तर बाई, तो शब्द रेडिओवर नको. दुसरे हवे तेवढे देतो.

लेस्टर आता 'युना मे' स्वतः नेतो. तुझ्या काकूचं नाव दिलेली बोट तिच्याच पोराच्या हातात, मला बरं वाटतं. जानेवारीत त्याचं आणि नेटीचं लग्न आहे. तू आली नाहीस तर नेटी मला भाकरतुकडा घालणार नाही म्हणते. तुझी काकू गेल्यावर माझ्या घरात तो आणि मी एवढेच उरलो, त्यामुळे या मुलीशी मला जपून वागावं लागतं.

तुझा
काका

*

सेंट जॉन्स
३० नोव्हेंबर १९६१

प्रिय काका,

'शब्द रेडिओवर नको' असं म्हणून तुम्ही इतकं काही सांगितलंत की आता तो सोडणं मला शक्य नाही. कोल्टनसाहेबांनी तुमचं पत्र दोनदा वाचलं. पाद्र्याच्या खिडक्यांवर तर ते टेबलावर हात आपटून हसले. १४ डिसेंबरचा गुरुवार ठरला आहे.

घाबरू नका. मी तो तुमच्यासारखाच म्हणेन, आत ओढून. आरशासमोर सराव चालू आहे. पहिल्या दिवशी उचकी लागली. घरमालकीण मिसेस ड्रोव्हरना वाटलं मला दमा झाला, त्यांनी छातीला लावायला हंसाची चरबी दिली.

पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून बायका तसं म्हणत असणार, असं मला वाटतं. हळू बोलण्याचाच एक प्रकार. बरोबर ना? आत्या काय म्हणाली ते तुम्ही लिहिलंच नाहीत. तिला माझा राग आलाय का? म्हणजे नेहमीपेक्षा जास्त?

नेटीला सांगा, मी येणार आणि तिच्या लग्नात सगळ्यांत वाईट नाचणार.

तुमची
मेलिटा

*

सॉल्ट टिकल
८ डिसेंबर १९६१

चि. मेलिटा,

आत्याचं मी मुद्दाम टाळलं होतं. आता लिहितो.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "त्या पोरीला सांग, तोंड शिवून घे." हे तिच्या मानाने प्रेमाचं बोलणं झालं. मग म्हणाली, "ते आत का ओढतात हे तिला सांगितलंस का, का नुसत्याच पाद्र्याच्या गमती लिहिल्यास?" मी गमतीच लिहिल्या होत्या.

तू बर्थाला फक्त चिडलेली पाहिली आहेस. ती तशी नव्हती. आमच्या तरुणपणी या किनाऱ्यावर कुठेही नाच असला की आधी विचारायचे, बर्था येणार आहे का. तिचं हसणं धक्क्यापर्यंत ऐकू यायचं. मग एका शरदात परगावच्या एका व्यापाऱ्याने आमच्याकडे होडीत बसून शीळ घातली, आणि वर तो शब्दही हसत हसत बाहेर बोलून दाखवला. आमच्या सगळ्या बोटी बाहेर होत्या. वारा पडला. पाण्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती, आणि एकही बोट दिसेना. व्यापारी तर निघून गेलेला. बर्था टोकाच्या खडकावर जाऊन बसली आणि तो शब्द आत ओढत राहिली. बोटी आल्या. घरी आली ती बर्था दुसरी होती.

'त्याचा' राग कुठे तरी जाणारच. बाहेर सोडला तर पाण्यावर जातो, आत ओढला तर ओढणाऱ्यात राहतो. छोट्या गोष्टीचा छोटा राग, संध्याकाळपर्यंत जिरतो. तो मोठा होता.

हे सगळं मी मानतो का, असं विचारशील. मी दुकानदार माणूस, मेणबत्त्याही विकतो आणि विजेऱ्याही. पण मी शीळ घालत नाही.

तू आत ओढून म्हणणार आहेस, ठीक आहे. तरी मी घराघरांत जाऊन सांगून आलोय की चौदाला संध्याकाळी रेडिओ बंद ठेवा. हो म्हणाले सगळे. तूही शक्य असेल तर दुसरा शब्द घे. हवा वाईट आहे, टपालाची बोट कधी निघेल सांगता येत नाही. हे वेळेत पोचो.

तुझा
काका

*

सेंट जॉन्स
१५ डिसेंबर १९६१

प्रिय काका,

तुमचं पत्र या आठवड्यातही नाही. रागावलात का?

मला तुम्हाला सरळच सांगायला हवं. तालमीत मी शब्द आत ओढून म्हटला. कोल्टनसाहेब म्हणाले, "पोरी, ऐकणाऱ्यांना वाटेल आम्ही तुझा गळा दाबतोय." पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेवटी म्हणाले की शब्दाचा कार्यक्रम आणि शब्दच कळत नाही, असं कसं चालेल. वेळ उरला नव्हता. मी तो साधा म्हटला. स्वच्छ, सावकाश, तीन वेळा, तिन्ही रूपांत. मग अर्थ, मग तुमच्या झाकणाचं वाक्य.

सगळे खूश झाले. फोनसुद्धा आले.

फक्त एक विचित्र झालं. तिसऱ्यांदा म्हणून झाल्यावर मी क्षणभर थांबले, तेव्हा माझ्या कानांवरच्या यंत्रातून कुणीतरी श्वास आत घेतल्याचा आवाज आला. लांब. इतका लांब की मी वाट बघत बसले, संपेचना. काचेपलीकडच्या माणसाला यंत्राच्या काट्यावर तो दिसला. तो मला खुणेने म्हणाला, श्वास माइकपासून दूर घे. मी श्वास घेतच नव्हते काका. मी रोखून धरला होता.

मला रागवा, पण लिहा.

तुमची
मेलिटा

*

तार
सॉल्ट टिकल, १७ डिसेंबर

घरोघरी रेडिओ बंद होते. बोटींचा विसर पडला. बोटी हवामान ऐकतात. बाकीच्या परतल्या. युना मे नाही. दोष घेऊ नकोस. पत्र येतंय. काका.

*

सॉल्ट टिकल
१८ डिसेंबर १९६१

चि. मेलिटा,

टपालाच्या बोटीची वाट न पाहता हे माणसाबरोबर रेल्वेपर्यंत पाठवतोय.

चूक माझी नाही, तुझी नाही असं मी सगळ्यांना सांगतो. पण झालं ते असं. गावात मी एक स्वयंपाकघर सोडलं नाही. ज्यांच्यासाठी हे सगळं करतोय ते घरी नसतात, समुद्रावर असतात, आणि त्या वेळी प्रत्येक बोटीत रेडिओ लावलेला असतो, हे या सगळ्या शहाण्या गावात एकाच्याही डोक्यात आलं नाही. जे रोज बाहेर असतात त्यांना आपण घरातच मोजतो.

परतलेल्या माणसांशी बोललो. एलाय फज म्हणतो, "काका, तिचाच आवाज. लहानपणी हाक मारायची तसा गोड." चारही बोटी एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर होत्या, त्यामुळे तो चारी बाजूंनी एकदम आला. मग पाणी काचेसारखं झालं. पक्षी होते ते बसले, आणि बसल्यावर मान पंखात घालून बसले, मध्यरात्री झोपावेत तसे. एलायने डेकवर पाहिलं तर खणाचं झाकण पालथं. त्याने सरळ केलं. दुसऱ्या बोटीकडे पाहिलं तर तिथेही माणूस वाकून झाकण सरळ करत होता. 'युना मे'वर लेस्टर सुकाणूपाशी होता, त्याचं झाकणाकडे लक्ष नव्हतं. एलायने हाक मारायला तोंड उघडलं आणि मधे धुकं आलं. भिंतीसारखं. बोटीच्या इंजिनाचा आवाज मात्र ऐकू येत होता. अजून येतो. काल माणसं शोधायला गेली, त्यांनाही ऐकू आला, प्रत्येकाला वेगळ्या दिशेने.

बर्था खडकावर गेली होती. आम्ही तिला खुर्चीसकट उचलून नेलं. तिने प्रयत्न केला. मग म्हणाली, "माझ्यात जागा नाही. आणि हे माझं नाहीच. ज्याच्या तोंडून गेलं त्याने घ्यायचं."

मी तुला हे कळवणार नव्हतो. नेटी दुकानात विस्तवापाशी बसून असते. लग्नाच्या झग्याचं टाचण चालू होतं, ते हातात तसंच. ती म्हणाली, "काका, तुम्ही तिला नुसतं सांगा. विचारू नका. ठरवू दे तिला." म्हणून सांगतो. मी विचारत नाही. आठ तारखेचं पत्र मिळालं असेल तर त्यात किंमत लिहिली आहे.

तुझा
काका

*

सेंट जॉन्स
२३ डिसेंबर १९६१

प्रिय काका,

तुमचं आठ तारखेचं पत्र मला सोळाला मिळालं, आणि अठराचं काल सकाळी. तुम्ही विचारलं नाहीत, हे मी पाहिलं. मी तशीच कोट घालून निघाले.

बंदराच्या तोंडाशी खडक आहेत तिथे गेले. दुपारची वेळ, ऊन पडलं होतं, दोन माणसं कुत्रा फिरवत होती. मला फार वेड्यासारखं वाटलं. समुद्राकडे तोंड केलं आणि आत ओढला. काही नाही. दुसऱ्यांदा ओढला, पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा ओढला तेव्हा तो संपेना. मी थांबवू पाहत होते पण हवा आत येतच राहिली, थंड, लोखंडाच्या चवीची, आणि मला आठवलं हा तोच श्वास आहे. त्या दिवशी कानात ऐकलेला. कुणीतरी तिकडून घ्यायला सुरुवात केली होती, आणि आता तो माझ्या बाजूने येत होता.

मग तो थांबला. कुत्रा माझ्याकडे बघून मालकाच्या पायांमागे गेला. मी चालत घरी आले. बरी आहे. जेवले. लेस्टरसाठी प्रार्थना केली.

पुढे काय होतं ते कळवा. लवकर कळवा, आणि जरा सुवाच्य लिहा. तुमचं अक्षर लावता लावता डोळे फुटतात. खाली मिसेस ड्रोव्हर गुणगुणतेय. नाताळची गाणी, एकच ओळ, पुन्हा पुन्हा. दुसरी ओळ येत नसेल तर तोंड कशाला उघडायचं. हे निब पण. तिसरं निब मोडलं.

मेलिटा

*

सॉल्ट टिकल
२८ डिसेंबर १९६१

माझी लाडकी मेलिटा,

आला. बावीस तारखेला, दुपारचं ऊन असताना. धुकं विरलं नाही, कुणीतरी टेबलावरची चादर ओढावी तसं एका बाजूला सरकत गेलं, आणि मागे 'युना मे' उभी. सगळे धडधाकट. लेस्टर म्हणतो, एकच संध्याकाळ झाली. दिवस उलटले हे त्याला पटेना, नेटीने दाढीला हात लावून बघितलं तर दाढी त्याच संध्याकाळची. आम्ही त्यावर फार बोललो नाही.

गाव तुझं नाव घेतंय. नेटीने केक पाठवला आहे, कच्चा वाटला तर तसं सांगू नकोस, तीन दिवस ती रडत भट्टीपाशी होती. लग्न १३ जानेवारीला. सगळ्यांत वाईट नाचणारीची जागा राखून ठेवली आहे, एलाय फजने अर्ज केला होता, मी फेटाळला.

तुझ्या पत्राचा शेवट मी दोनदा वाचला. निब मीही मोडतो. काळजी करत नाही. तू पण करू नकोस.

तुझा
काका

*

सेंट जॉन्स
९ जानेवारी १९६२

गार्लंडकाका,

मी लग्नाला येणार नाही. जागा एलाय फजला द्या.

तुमची पत्रं विनोदी असतात असं तुम्हाला कुणी सांगितलं? साखर मोजता मोजता गिऱ्हाइकं हसतात ती दुसरं दुकान नाही म्हणून. नेटीचा केक मी फेकला. पक्ष्यांनी खाल्ला नाही. लेस्टरचं आभाराचं पत्र आलं, त्यात माझं नाव चुकीचं लिहिलंय. ज्याच्यासाठी हे केलं त्याला माझं नाव लिहिता येत नाही.

रेडिओचं काम सुटलं. कोल्टन टेबलावर हात आपटून हसत होते, मी त्या हातावर रूळ मारला. मिसेस ड्रोव्हर कप बशीत ठेवताना आवाज करते, मी तो कप भिंतीवर फेकला. तिच्या आईचा होता म्हणे. ती रडली. मला वाईट वाटतंय का म्हणून मी आत शोधलं. नाही वाटलं. लिहिताना पुन्हा शोधलं.

आरशात चेहरा माझाच असतो. पण तो माझ्याकडे आधी बघतो, मी नंतर.

तुम्ही विचारत नाही असं लिहिलं होतंत. विचारलं असतंत तर मी नाही म्हणाले असते. तुम्हाला ते माहीत होतं. तुमचे कान फार तिखट.

मी अशी नव्हते. होते का? उत्तर देऊ नका. तुमची उत्तरं लांबलचक असतात.

मेलिटा

*

सॉल्ट टिकल
२१ जानेवारी १९६२

मेलिटा, लेकरा,

उत्तर थोडक्यात: नव्हतीस.

बाकीचं लांबलचक आहे, सहन कर. तू लिहिलंस ते सगळं मी वाचलं, आणि केकबद्दल तुझं बरोबर आहे. विचारण्याबद्दलही बरोबर आहे. नेटीने तो मार्ग सुचवला आणि मला तो लगेच पसंत पडला. माल कसा मांडायचा हे मला कळतं.

आता गावाची एक गोष्ट सांगतो, जी बाहेर कुणाला सांगत नाहीत. बर्थाच्या घरी रोज कुणीतरी बोलणी खायला जातं. वार ठरलेले आहेत. सकाळी जायचं, सरपण टाकायचं, समोर बसायचं, आणि ती जे बोलेल ते ऐकून घ्यायचं. उलट बोलायचं नाही, मनालाही लावून घ्यायचं नाही. ती तेवढी हलकी होते. लग्न झालं की नवरा-नवरी पहिल्या आठवड्यात जातात. परवा लेस्टर आणि नेटी जाऊन आले. नेटीच्या नाकाला तिने इतका वेळ नावं ठेवली की लेस्टरला हसू आवरेना.

तुझं पत्रही मी तिला वाचून दाखवलं. पूर्ण ऐकलं. म्हणाली, "पोरीने चांगलं खोल ओढलंय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दमलास का रे गार्लंड? बस."

एवढ्या वर्षांत तिने मला बस म्हटलेलं नाही. आताशा ती दिवसेंदिवस मऊ होत चालली आहे. एलायच्या पोराने काल तिच्या अंगणात एकटाच बूट टाकला, टोक पाण्याकडे. तिने पाहिला, आणि ती काही बोलली नाही. नुसती हसली. बूट नेटीने उचलला.

इथल्या बायकांनी बर्थाच्या घरातली पाण्याकडची खोली धुऊन काढली आहे. पडदे नवे केलेत. खिडकीपाशी तिच्या खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची ठेवली आहे. मी कुणालाही सांगितलं नव्हतं तसं करायला, पण मी नको असंही म्हटलं नाही.

तू घरी ये. तू माझ्या भावाची मुलगी आहेस आणि शहरात तुला ऐकून घेणारं कुणी नाही, म्हणून ये. बर्था फार दिवसांची नाही आणि बोटी रोज बाहेर जातात, म्हणूनही ये. दोन्ही खरं आहे, आणि यातलं एकच लिहून मी या वेळी तुला फसवणार नाही. करायचं काही नाही. खिडकीत बसायचं, काही खिजवणं दिसलं तर म्हणायचं.

नाही म्हणालीस तरी दर बोटीने पत्र लिही, जितकं वाईट लिहिता येईल तितकं. मी दुकान बंद करून सगळं मोठ्याने वाचेन.

तुझी बोलणी खायचे वार मात्र वाटून झाले आहेत. लेस्टरला शुक्रवार हवा होता, तो नेटीने घेतला. एलाय बुधवार म्हणतो. सोमवार माझा.

तुझा
काका